सुई आणि सुईण

सुई आणि सुईण. मराठीत हे शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, पण त्यांचं रक्ताचं नातं नाही. सुई आली 'सूची'च्या घराण्यातून आणि सुईण आली 'सूति'च्या, म्हणजे प्रसूतीच्या. दोन गावांहून निघालेल्या दोघी चालता चालता भाषेच्या एकाच ओसरीवर येऊन टेकल्या, इतकंच. आणि तरीही आज जगात कितीतरी ठिकाणी सुई खरोखरच सुईणीच्या हाताखाली काम करते आहे. जर्मनीत तर अनेक सुइणी स्वतःच ही सुई चालवायला शिकलेल्या असतात.

चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवस भरत आलेली एक बाई डाव्या कुशीवर निजली आहे. सदतिसावा आठवडा संपलाय. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी आहे. उपचार करणारी तिच्या आतल्या घोट्यापासून वर चार बोटं अंतर मोजते आणि नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला लागून एक सुई अलगद टोचते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आहे. आणि इतकी बारीक, की तीन-चार केस एकत्र वळले तर तेवढी जाडी होईल.

हे सगळं कशासाठी? तर पिशवीचं तोंड मऊ व्हावं म्हणून.

घोटा कुठे आणि पिशवीचं तोंड कुठे! तळमजल्यावरचा नळ सोडल्यावर गच्चीवरच्या टाकीचं झाकण सैल व्हावं, तसलं काहीतरी वाटतं ना? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग मी त्या झाकणाचीच माहिती काढायला बसले, आणि सुईचं आश्चर्य बाजूला राहून आधी त्या झाकणानेच तोंडात बोट घालायला लावलं.

गरोदर नसताना गर्भाशयाचं वजन साधारण 70 ग्रॅम असतं, आणि आत जागा म्हणाल तर दोन चमचे पाण्याची. दिवस भरेपर्यंत तेच गर्भाशय 1100 ग्रॅमच्या आसपास जातं आणि आतली जागा होते सरासरी पाच लिटर. दोन चमच्यांपासून पाच लिटरपर्यंत! या एवढ्या वाढलेल्या पिशवीचं तोंड मात्र खालच्या बाजूला आहे. बाळ, वार, पाणी, सगळा भार त्या तीन-चार सेंटीमीटर लांबीच्या मानेवर. बाई जिना उतरते, लोकल पकडते, शिंकते, खदखदून हसते, कळशी उचलते. तोंड उघडत नाही.

का उघडत नाही? आपल्याला वाटतं, बटव्याला जशी नाडी असते तसा तिथे स्नायूंचा आवळ असेल. तसं नाही. पिशवीच्या अंगात ठासून स्नायू आहेत, पण तिच्या तोंडाशी स्नायूंचा वाटा अगदी थोडका, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळं कोलॅजेन आहे. स्नायूंना हाडांशी जोडून ठेवणाऱ्या कंडरा ज्या प्रथिनाच्या, त्याच प्रथिनाचे हे धागे. काथ्याचा दोर आठवा. एकेक धागा कच्चा, पण पीळ देऊन आवळले की त्यावर होडी बांधावी. नऊ महिने बाळाला आत धरून ठेवतो तो असा पीळ दिलेला दोर. दोराला थकवा येत नाही, म्हणून बाईला तो धरून ठेवावा लागत नाही, ती झोपली तरी तो धरलेलाच राहतो.

आता नाकाचा शेंडा बोटाने दाबून बघा. आणि मग ओठ दाबून बघा. प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्यांना हीच खूण पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते: तयारी नसलेलं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, तयार झालेलं ओठांसारखं. नाकाचा ओठ होणं! कुणी हातोडी मारत नाही, कात्री लावत नाही. शेवटच्या आठवड्यांत त्या दोराचे पीळ आपोआप सुटायला लागतात. नवे धागे सैल विणीचे तयार होतात. त्यांच्या मधल्या जागेत हायलुरोनन नावाचा पदार्थ वाढतो, आणि हा पदार्थ पाणी ओढून धरण्यात असा पटाईत, की सब्जाचं बी भिजत घातल्यावर कसं भोवती लुसलुशीत वलय धरतं, तसं हे दोन धाग्यांच्या मध्ये फुगतं. धागे एकमेकांपासून दूर सरकतात. पांढऱ्या पेशीही तिथे गोळा होतात, एखाद्या जखमेपाशी जमाव्यात तशा, फक्त इथे जखम नाही. मग कळा सुरू झाल्या की तेच तोंड दहा सेंटीमीटर उघडतं, बाळाचं डोकं जाईल एवढं. आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत पुन्हा मिटतं. असं कुलूप कुठल्या लोहाराने केलंय का, जे वितळून वाट देतं आणि मागून पुन्हा घट्ट होतं?

एडवर्ड बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1964 मध्ये ही तयारी मोजायची सोपी पद्धत दिली. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलं, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. जास्तीत जास्त 13. जगभरच्या लेबर रूममध्ये आजही हे गुण मांडले जातात. बोटांच्या स्पर्शाने काढलेले गुण, यंत्र कसलंच नाही. आधीच्या सुइणींना आकडे येत नसतील, पण बोटांना हे सगळं ठाऊक होतं.

बरं, हे कुलूप सोडायचा हुकूम देतं कोण? तारखेचा तर काही भरवसा नाही. डॉक्टरांनी दिलेल्या नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी 1960 च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले तेव्हा एक थक्क करणारी गोष्ट समोर आली: मेंढीच्या बाबतीत घंटा वाजवतं ते पोटातलं कोकरू! त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात आणि आईच्या शरीराला निरोप जातो, मी तयार आहे. (त्याच प्रयोगांत लिगिन्सना दिसलं की वेळेआधी जन्मलेली काही कोकरं जगायला नको होती तरी श्वास घेत होती. औषधाने त्यांची फुप्फुसं लवकर पिकली होती. आज आठव्या महिन्यात कळा आलेल्या बाईला 'बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन' देतात, त्याचा उगम हा असा एका मेंढवाड्यात आहे.) माणसांत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. वार स्वतःच एक घड्याळ चालवते असं दिसतं. तिच्यातून पाझरणारं सीआरएच नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात आठवड्यागणिक वाढत जातं. मग प्रोस्टाग्लँडिन येतात आणि दोराचे पीळ सोडवतात. दवाखान्यात 'जेल ठेवलं' म्हणतात ते यांचंच. आणि ऑक्सिटोसिन येतं. कळांच्या सलाइनमध्ये असतं ते. बाळाचं डोकं तोंडावर दाबलं की मज्जातंतूंतून मेंदूला वर्दी जाते, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, कळ येते, कळेने डोकं आणखी दाबतं, पुन्हा वर्दी. झोपाळ्याला एका लयीत पाय मारत गेलं की झोका कसा उंच उंच जातो!

एवढ्या मोठ्या कारभारात घोट्याजवळच्या सुईला कोण विचारणार?

इथे आपल्याला दीड हजार वर्षं मागे, चीनमध्ये जावं लागतं. पाचव्या शतकात दक्षिणेकडच्या सोंग राज्यात एक बादशहा होता. वय कोवळं, पोरवयच म्हणा, आणि क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध. त्याला नाडी बघण्याचा नाद होता. एकदा बागेच्या दाराशी त्याला एक गरोदर बाई दिसली. तिची नाडी धरून तो म्हणाला, मुलगी आहे. सोबत शू वेनबो नावाचा वैद्य होता. त्याने नाडी पाहून सांगितलं, जुळं आहे, एक मुलगा आणि एक मुलगी. बादशहाला धीर नव्हता. म्हणाला, पोट फाडूनच बघू. वैद्याच्या काळजात कालवलं. त्याने विनवलं, सुरी नको, मी सुई लावतो. एक सुई त्याने हाताच्या वाहिनीवर लावली, एक पायाच्या. आणि इतिहासग्रंथ सांगतो की दोन्ही बाळं एकामागून एक बाहेर आली, मुलगा आणि मुलगी.

ही कथा अक्षरशः घडली असं मी म्हणत नाही. त्या बाईचं नावही कथेत नाही, याची मला राहून राहून चुटपुट लागते. पण या कथेने पुढे जे केलं ते फार विलक्षण आहे. सुयांवरच्या नंतरच्या ग्रंथांनी त्या दोन जागा नेमक्या नावांनी नोंदवल्या: अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली 'हगू', आणि आतल्या घोट्यावरची 'सानयिनज्याव', म्हणजे तीन वाहिन्या जिथे भेटतात ती जागा. आणि बजावून ठेवलं: गरोदर बाईला इथे सुई लावू नका. शेकडो वर्षं हा निषेध पाळला गेला. आता मौज बघा. जी जागा नऊ महिने वर्ज्य, तिचा अर्थ काय होतो? तिथे काहीतरी सुटतं, असाच ना? म्हणजे दिवस भरल्यावर, नेमकं तेच हवं असताना, निषेधाची पाटी उलटी फिरवली की दिशा दाखवणारी पाटी होते! आजही जाणकार लोक सदतिसाव्या आठवड्याआधी या जागा टाळतात, वार खाली असली किंवा डॉक्टरांनी जोखीम सांगितली असेल तर नंतरही टाळतात. गरोदर वाचकांनी आत्ता घोट्यावर बोटं मोजून बघायला हरकत नाही, पण ती जागा दाबत बसू नये.

बोटांनी मोजण्याचीही गंमत आहे. चिनी वैद्य अंतर मोजतो ते रोग्याच्याच बोटांच्या मापाने. उंच बाईची बोटं रुंद, ठेंगणीची बारीक, म्हणून जागा प्रत्येकीच्या अंगावर बरोबर पडते. पट्टी ज्याच्या त्याच्या हातालाच लावलेली! आपल्या आयुर्वेदातही शरीराचं माप ज्याच्या त्याच्या अंगुळांनीच सांगितलेलं आहे. आणि नवव्या महिन्यात वाट मऊ व्हावी म्हणून तेलाचा बस्ती आणि तेलात भिजवलेला पिचू चरकाने सांगितला आहे. हिमालयाच्या दोन बाजूंना दोन वैद्यकं, आणि दोघांनाही शेवटच्या महिन्यातल्या त्या दाराची काळजी.

जागा अचूक सापडावी म्हणून चिन्यांनी काय करावं? 1027 मध्ये वांग वेईयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या उंचीचे दोन ब्राँझचे पुतळे ओतले गेले. अंगभर बारीक भोकं, प्रत्येक सुईच्या जागी एक. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेणाचा थर द्यायचा, म्हणजे भोकं दिसणार नाहीत, आणि आत पाणी भरायचं. विद्यार्थ्याने सुई टोचायची. जागा बरोबर असेल तर पाण्याचा थेंब बाहेर येणार! हजार वर्षांपूर्वीची ही प्रॅक्टिकल परीक्षा, आणि निकाल जागच्या जागी.

ही विद्या भारतात कशी आली, त्या वाटेवर एक मराठी पाऊलखूण आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. बसू परतले, पण 1958 मध्ये पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले, आणि कोलकात्यात परत येऊन त्यांनी ते इथे रुजवलं. आपण कोटणिसांची कहाणी शाळेत वाचतो, व्ही. शांतारामांच्या सिनेमात बघतो. त्याच तुकडीतल्या एका डॉक्टरच्या सामानातून पुढे ही सुई आपल्याकडे आली, हे मात्र फार कुणाला ठाऊक नसतं.

आता सुईच्या टोकाशी जाऊ. कातडीखाली नक्की होतं काय?

सुई लावून ती दोन बोटांत हलकेच फिरवली की रोग्याला एक जडसर, बोथट ठणका जाणवतो. चिनी भाषेत त्याला 'दची' म्हणतात. आणि त्याच क्षणी सुई लावणाऱ्याच्या बोटांनाही काहीतरी जाणवतं, सुई आतून कुणीतरी धरल्यासारखं. जुन्या वैद्यांनी याला गळाला मासा लागण्याची उपमा दिली. कोकणात खाडीवर गळ टाकून बसलेल्या कुणालाही ती चटकन कळेल. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठातल्या हेलेन लँजेव्हिन यांना वाटलं, हा मासा बघायलाच हवा. 2001 च्या सुमारास त्यांनी सुई उपसायला किती जोर लागतो ते मोजलं. एकाच दिशेने फिरवलेली सुई काढायला नुसत्या टोचलेल्या सुईपेक्षा अडीच पटींहून जास्त जोर लागला! कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं: कातडीखालचे धागे सुईभोवती गुंडाळले गेले होते, काट्याला शेवया गुंडाळाव्यात तसे. ताण दूरवर पोहोचला होता आणि तिथल्या पेशी काही मिनिटांत अंग पसरून आकार बदलत होत्या.

आणि हे धागे कसले? कोलॅजेनचे. जे पिशवीच्या तोंडाशी दोर वळून बसलेत त्यांचेच भाऊबंद. घोट्याजवळ सुई ज्या धाग्याला पीळ घालते, त्याच धाग्याचा पीळ तिकडे सोडायचा आहे. याचा अर्थ एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो असा मुळीच नाही, पण ही जुळणी कळली त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

निरोप जातो तो बहुधा दुसऱ्या वाटेने. सानयिनज्यावच्या आसपास एक मोठी मज्जातंतूची वायर जाते, टिबियल नर्व्ह. ती वर चढत मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडच्या पट्ट्यात मिळते. आणि पिशवीच्या तोंडाकडून येणाऱ्या वायरीही त्याच पट्ट्यात येऊन मिळतात. कसं काय? कारण आपण सगळे कधीकाळी काही मिलिमीटरांचे होतो, पेरापेरांचे, उसाच्या कांड्यासारखे. प्रत्येक पेराची आपली वायर. मग कडेला पाय फुटले, लांब वाढले, आणि जाताना आपापल्या वायरी सोबत ओढत घेऊन गेले. म्हणून आज घोटा आणि पिशवीचं तोंड एकमेकांपासून हातभर दूर असले तरी मीटर एकाच बोर्डावर आहेत. पाळीच्या दिवसांत मांड्यांत कळ उतरते, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? ती याच बोर्डावरची सरमिसळ. मग ज्या वाटेने पोटातली कळ पायात उतरते, त्या वाटेने पायातला निरोप पोटाकडे चढणार नाही का?

ही नुसती कल्पना नाही, याचा पुरावा शेजारच्याच खोलीत आहे, मूत्राशयात. लघवीची सतत घाई होणाऱ्या लोकांसाठी मूत्रविकारतज्ज्ञांनी एक उपचार शोधला. घोट्याच्या वर, जवळपास त्याच जागी, एक बारीक सुई लावायची आणि तिच्यातून सौम्य वीज सोडायची. अर्धा तास, आठवड्यातून एकदा. 1983 मध्ये एडवर्ड मॅग्वायर यांनी या वाटेने जायचं ठरवलं ते चिनी जागांवरूनच सुचून. आज हा उपचार आधुनिक वैद्यकाच्या मान्य यादीत आहे. ओटीपोटाला घोट्यावरून फोन लागतो, एवढं तरी पक्कं.

मग प्रसूतीच्या बाबतीत फोन लागतो का? व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी 1974 मध्येच प्रसूतीच्या तयारीसाठी सुया वापरून पाहिल्या. जर्मनीत मानहाइम शहरात एक पद्धत बसली: छत्तिसाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकदा, पायावरच्या चार जागा. 1998 मध्ये व्हिएन्नाहून आलेला आकडा वाचून कुणीही उठून बसेल. सुया घेतलेल्या बायकांचा कळांचा पहिला टप्पा 196 मिनिटांचा, न घेतलेल्यांचा 321 मिनिटांचा. दोन तासांचा फरक! 2001 मध्ये तिथेच तारीख आलेल्या 45 बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं आणि त्या जुन्या कथेतल्याच दोन जागा वापरल्या, हगू आणि सानयिनज्याव. सुयांच्या गटात तारखेपासून सरासरी 5 दिवसांनी बाळं झाली, दुसऱ्या गटात 7.9 दिवसांनी. दीड हजार वर्षांपूर्वीच्या बागेच्या दारापासून व्हिएन्नाच्या दवाखान्यापर्यंत त्याच दोन जागा!

पण 45 हा आकडा लहान आहे, आणि इथे खरं बोललंच पाहिजे, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात नववा महिना चालू असेल. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला 2008 मध्ये 364 बायकांची मोठी, काटेकोर चाचणी झाली. सुयांमुळे कळा आणण्याच्या औषधांची गरज कमी झाली नाही. 2017 मध्ये 22 चाचण्या आणि साडेतीन हजारांच्या जवळपास बायका एकत्र धरून हिशेब मांडला, तेव्हा सिझेरियन कमी होतात असं दिसलं नाही. पिशवीचं तोंड मात्र थोडं अधिक तयार झाल्याची चिन्हं होती. म्हणजे सुई दारावर टकटक करते, दार उघडतंच असं नाही. सुया घेतल्या म्हणून तपासण्या टाळाव्यात किंवा डॉक्टरांचा सल्ला मागे ठेवावा, असं तर मुळीच नाही.

ही चाचणी तरी घ्यायची कशी, याचाही विचार करा. गोळीची खोटी गोळी करता येते. सुईची खोटी सुई कशी करणार? 1998 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी ती केली. नाटकातली सुरी असते ना, खुपसली की पातं मुठीत शिरतं? अगदी तशी. टोक बोथट, दाबली की दांड्यात आत सरकते, आणि बघणाऱ्याला वाटतं अंगात गेली. टोचल्यासारखी चुणूकही लागते. पण नेमकी इथेच अडचण आहे: त्वचेला स्पर्श तर झालाच! आणि स्पर्शाचा निरोपही त्याच वायरींतून जातो.

करंगळीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाळ पोटात डोकं वर करून बसलं असेल तर चिनी वैद्य पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याशी शेक देतात. शेकायला एका सुकवलेल्या वनस्पतीची कांडी पेटवतात, आणि ही वनस्पती म्हणजे जोतिबाला वाहतात त्या आपल्या दवण्याची बहीण, एकाच कुळातली. 1998 मध्ये चीनच्या ज्यांगशी प्रांतात पहिलटकरणींवर याची चाचणी झाली. शेक घेतलेल्या 130 जणींपैकी 98 जणींची बाळं पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोकं खाली करून फिरली होती, न घेतलेल्या 130 पैकी 62 जणींची. शेकाच्या दिवसांत बाळांची हालचालही वाढली होती. नंतर युरोपातल्या काही चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आपल्याकडे पायाळू माणसाने लाथ मारली की कंबरेची उसण जाते म्हणतात, आणि तिकडे बाळ पायाळू होऊ नये म्हणून आईच्या पायालाच ऊब देतात. पाय आणि कंबर यांचं काहीतरी साटंलोटं आहे, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांना वायरी न बघता वाटलं होतं.

सुई काही करत असलीच तर कशी, याची एक शक्यता मला सगळ्यांत जवळची वाटते. 1966 मध्ये अमेरिकेत नाइल्स न्यूटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विणाऱ्या उंदरिणींना ऐन वेळी इकडून तिकडे हलवलं. नुसतं हलवलं, इजा केली नाही. त्यांची वीण लांबली. आसपास सुरक्षित वाटत नसेल तर शरीर दार लावून घेतं. रानातल्या हरणीला हे जगायला लागतंच. मग शेवटच्या महिन्यात, मनात हजार काळज्या असताना, आठवड्यातून एकदा कुणीतरी तुम्हाला कुशीवर निजवतं, पायांवर पांघरूण घालतं, अर्धा तास कुणी हाक मारत नाही, खोलीत हळू आवाजात बोलतात. त्यात सुईचा वाटा किती आणि त्या अर्ध्या तासाचा किती, हे कोण वेगळं करणार? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरवणाऱ्या आपल्या पणज्यांनी हाच अर्धा तास दोन-तीन महिन्यांचा केला होता.

आणि ते दार? कळा येतात, बाळ बाहेर पडतं, वार पडते, आणि पुन्हा दोर वळायला सुरुवात होते. सैल धागे काढले जातात, नवे घट्ट विणले जातात. महिन्या-दोन महिन्यांत तोंड मिटतं, पण आधी होतं तसं नाही. मूल न झालेल्या बाईच्या पिशवीचं तोंड तपासताना एका गोल टिंबासारखं दिसतं. ज्यातून एकदा बाळ गेलं, ते दिसतं आडव्या रेघेसारखं. पुढे तीस वर्षांनी एखादी डॉक्टर सहज तपासायला बसते, दिवा जवळ घेते आणि तिला ती रेघ दिसते. न विचारताच तिला कळतं की या दारातून कुणीतरी कधीतरी बाहेर आलं होतं.